पोकर अग्रेसिव्ह खेळायचंय ना, मग आधी पोझिशन (टेबलावर तुझी पाळी कितवी ते) बघ
अरे मित्रा, अग्रेसिव्ह म्हणजे प्रत्येक हँडला रेज मारणं, म्हणजे बेट वाढवणं नव्हे. बटनवर (डीलरची जागा, जिथे बहुतेक फेऱ्यांत शेवटी खेळायला मिळतं) असशील तेव्हा भरपूर हातांवर पहिली रेज मार, अंडर द गन (पत्ते वाटल्यावर सगळ्यात आधी बोलायची जागा) असशील तर बहुतेक हात निमूट फोल्ड करत जा, म्हणजे पत्ते टाकून दे, कारण तुझ्यामागे अख्खं टेबल बोलायचं बाकी असतं. थ्री-बेट ब्लफला (समोरच्याच्या रेजवर हलक्या पत्त्यांनी पुन्हा रेज मारून त्याला पळवायला) एकाच सूटचे एक्का-पंजा मस्तच, एक्का तुझ्याकडे असला की समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असायची शक्यता निम्मी होते आणि कॉल आलाच, म्हणजे त्याने तेवढेच पैसे लावलेच, तर नट फ्लश (एकाच सूटच्या पाच पत्त्यांचा सगळ्यात मोठा हात) लागू शकतो. अर्ध्या पॉटचा (मध्ये जमलेल्या पैशांच्या निम्म्याचा) ब्लफ ३ पैकी १ वेळा चालला तरी तोटा नाही, फुल पॉटचा मात्र २ पैकी १ वेळा चालावा लागतो. आणि काहीही धरून कॉल करत बसणाऱ्याला ब्लफ अजिबात करू नको रे, त्याला फक्त मोठ्या व्हॅल्यू बेट (चांगला हात असताना पैसे काढायला लावलेली बेट) लाव.