डोंगरातल्या शेतघराला लाइट नाही. सोलर किती वॅटचं बसवू?

तुम्ही विचारलंय की भोरच्या वर डोंगरात दोन एकर आणि दोन खोल्या आहेत, खांब आलेला नाही. चार दिवे, पंखा, छोटा टीव्ही, मोबाईल आणि विहिरीवरची मोटर यांना किती वॅटचे पॅनल लागतील.

वॅटचं नंतर बघू, आधी आषाढ डोळ्यांसमोर आणा. आमचं शेतघर वेल्ह्याच्या बाजूला आहे. तिथे जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही आणि पॅनलमधून उन्हाळ्याच्या पाचवा हिस्सा मिळाला तरी खूप. दुकानदार मात्र एप्रिलच्या उन्हावर हिशेब मांडून देतो.

९ वॅटचे चार दिवे पाच तास म्हणजे १८० वॅट-तास. ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा दहा तास, ३००. टीव्ही-मोबाईलचे १७० धरा. झाले ६५०. इन्व्हर्टर कुणी मोजतच नाही! नुसता चालू राहिला तरी १५-एक वॅट खातो, म्हणजे दिवसाला ३६०. एकूण एक युनिट. त्याला ३३० वॅटचे दोन पॅनल, १२ व्होल्ट, १५० एएचच्या (अँपिअर-अवर) दोन ट्युब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला एक जोडून २४ व्होल्ट, आणि ३० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीत नीट भरणारा डबा) पुरे. थंडीत दोन युनिटं सहज बनतील. बॅटऱ्या कागदावर ३.६ युनिटांच्या, पण निम्म्याच धरून चाला. जुलैत कसंबसं अर्धं युनिट बनेल, म्हणून दिव्यांची वायरिंग वेगळी काढून २४ व्होल्टचे डीसी बल्ब लावा. झड लागली की इन्व्हर्टर बंद. दिवे चालू राहतात.

२४ व्होल्टचा आग्रह का, तर आम्ही आधी १२ वर केलं होतं. पॅनल आणि कंट्रोलर गोठ्यात, बॅटरी घरात, मध्ये २५ मीटर अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर) वायर. दिवे रात्री दहालाच मान टाकायचे. शेवटी मीटर लावला: कंट्रोलरपाशी १४.४ व्होल्ट, बॅटरीपाशी १२.६. कंट्रोलरला वाटत होतं बॅटरी भरली, आणि ती बिचारी उपाशी. २४ वर तेवढ्याच वॅटला करंट निम्मा लागतो, म्हणून वायरीत व्होल्टही कमी गळतात. आता कंट्रोलर बॅटरीच्या शेजारीच आहे. वायरीत पैसे वाचवू नका.

मोटर या सगळ्यात अजिबात घालू नका. तिला वेगळे पॅनल, बॅटरी नकोच. दिवसा पाणी वरच्या टाकीत चढवायचं, मग ते उताराने आपोआप येतं. टाकी दहा मीटर वर असली तर ठिबकला साधारण एक किलोचं प्रेशर मिळतं. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के आहे, अनुसूचित जाती-जमातींना ५. महावितरणकडे अर्ज करा.

पॅनल दक्षिणेला तोंड करून, १८-२० अंशांच्या उताराने. जागा मात्र डिसेंबरातली सावली बघितल्याशिवाय ठरवू नका. डिसेंबरात सूर्य इतका दक्षिणेला कलतो की भर दुपारीही झाडाची सावली जवळपास झाडाएवढी लांब पडते. आमच्याकडचं जांभळाचं झाड मे महिन्यात कुठेच आडवं येत नव्हतं.