इंग्लंडच्या डर्बीशायरमधल्या ओस पडलेल्या ऐतिहासिक इमारती बघायच्या तर कुठून सुरुवात करावी? आत जाता येतं का?

दोन दिवस हाताशी आहेत, आत शिरता येतं का, आणि या इमारती अशा उघड्या का पडल्या, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: दहा ठिकाणं धावत बघण्यापेक्षा तीन नीट बघा, आणि सुरुवात सटन स्कार्सडेल हॉलपासून करा.

चेस्टरफील्डच्या आग्नेयेला, एम-वन महामार्गालगतच्या टेकडीवर हा वाडा उभा आहे. 1724 ते 1729 दरम्यान स्कार्सडेलच्या चौथ्या अर्लसाठी (अर्ल म्हणजे सरदारकीचा किताब) वॉरिकच्या फ्रान्सिस स्मिथने तो बांधला. पुढे तो आर्कराइट घराण्याकडे गेला, म्हणजे क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढणाऱ्या रिचर्ड आर्कराइटच्या वंशजांकडे. 1919 मध्ये विक्री झाली आणि घेणाऱ्यांनी छपरासकट मिळेल ते सामान उतरवून विकलं. काही दालनांचं लाकडी काम थेट अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात पोहोचलं. उरलेला सांगाडाही पडायचा, पण 1946 मध्ये लेखक ऑस्बर्ट सिटवेल यांनी तो विकत घेऊन वाचवला. म्हणजे ही इमारत कोणी विसरून गेलं म्हणून ओस पडलेली नाही, ती सुटी करून विकली गेली. हे डोक्यात ठेवून बघितलंत की भिंती वाचता येतात.

बाहेरून सगळा घडीव दगड दिसतो. आत गेलात की विटा उघड्या पडलेल्या दिसतील. त्या विटांवर इटालियन कारागिरांनी केलेल्या चुन्याच्या नक्षीचे तुकडे काही ठिकाणी अजून चिकटून आहेत. बोट लावू नका, ती नक्षी आता फक्त स्वतःच्या चिकटपणावर टिकून आहे.

छप्पर गेल्यावर भिंत का ढासळते, तेही इथेच समजून घ्या. छप्पर असताना पाऊस भिंतीच्या अंगावरून ओघळतो. छप्पर गेलं की भिंतीचा माथा उघडा पडतो, पाणी वरून थेट गाभ्यात उतरतं आणि आतला चुना हळूहळू धुऊन नेतं. हिवाळ्यात तेच पाणी गोठून फुगतं आणि सांधे उकलतं. त्यात आयव्हीच्या वेलीची मुळं शिरतात. म्हणून जतनाचं काम माथ्यापासून सुरू होतं: सुटे दगड चुन्यात पुन्हा बसवायचे, पाणी बाहेर पडेल असा उतार द्यायचा, काही ठिकाणी वर माती आणि गवताचा थर टाकायचा. सिमेंट वापरलं की पाणी आत अडकतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. जुन्या डागडुजीत हे झालेलं अनेक ठिकाणी दिसतं.

इथे प्रवेश फुकट आहे, दिवसाउजेडी जाता येतं. देखभाल इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे. दुरुस्तीसाठी आतला भाग कधी बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

गाडी असेल तर त्याच दिवशी जवळचा हार्डविक ओल्ड हॉल करा (तिकीट आहे). बेस ऑफ हार्डविक या जबरदस्त बाईने सोळाव्या शतकाच्या शेवटी तो बांधला, आणि तो पुरा व्हायच्या आत शेजारी नवाही सुरू केला. आतल्या मजल्यांच्या जमिनी गेल्यात, पण वरच्या मजल्यांच्या शेकोट्या भिंतीत अधांतरी आहेत आणि त्यांच्यावर गिलाव्यातलं उठावाचं काम टिकून आहे. मान वर करून बघायचं, दुर्बीण असेल तर न्या.

दुसऱ्या दिवशी बेकवेलजवळच्या शेल्डन गावातून पायवाटेने मॅगपाय माइन. ही शिशाची खाण, 1958 मध्ये कायमची बंद झाली. 1833 मध्ये शेजारच्या रेडसॉइल खाणीशी हद्दीवरून वाद पेटला, खाली आगी लावून धूर सोडला गेला आणि रेडसॉइलचे तीन कामगार गुदमरून मेले. खटला चालला, आरोपी सुटले. इंजिनघर आणि धुराडी उत्तम स्थितीत आहेत. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा संस्थेचा ओएल-24 नकाशा जवळ ठेवा, पायवाट सोडू नका: आजूबाजूला खाणीत उतरायच्या जुन्या खोल विहिरी आहेत, सगळ्या झाकलेल्या असतीलच असं नाही. ढिगाऱ्यांच्या मातीत शिसं असतं, त्यामुळे मुलांना त्यात खेळू देऊ नका आणि खाण्याआधी हात धुवा.

बाकी ठिकाणांबद्दल: खासगी जागेत नुसतं शिरणं इंग्लंडमध्ये बहुधा दिवाणी मामला ठरतो, पण कुलूप किंवा फळी तोडलीत तर तो गुन्हा. संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर चालवणं हाही गुन्हाच. वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे, त्यांना उठवू नका. इमारतीचा संरक्षण-दर्जा हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेच्या राष्ट्रीय यादीत फुकट बघता येतो, आणि कोणती धोक्यात आहे ते त्यांच्या वेगळ्या, दरवर्षी निघणाऱ्या यादीत. विंगफील्ड मॅनर, जिथे स्कॉट्सची राणी मेरी कैदेत होती, तिथे आत जायचं ठरवण्याआधी ते सध्या उघडं आहे का हे विचारूनच निघा. बंद असेल तर बाहेरच्या सार्वजनिक पायवाटेवरूनच बघा.