५८ नंतरही काम करणार असाल, तर म्हातारपणासाठी वेगळं साठवायलाच हवं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ५२, खाजगी कंपनीत नोकरी, पीएफ कापला जातो, ५८ ला निवृत्ती. पुढे त्याच क्षेत्रात सल्लागार म्हणून जमेल तितकी वर्षं काम करायचं आहे. मग वेगळं किती साठवावं, की कामाचे पैसे पुरतील?

पुरणार नाहीत. काम करत राहण्याचा बेत उत्तम आहे, तो मोडू नका. पण 'मी शेवटपर्यंत काम करणार' हे वाक्य बचत टाळण्यासाठी इतक्यांदा वापरलं जातं की मला ते ऐकवत नाही. काम कधी थांबवायचं हे बहुतेक वेळा आपल्या हातात नसतं. गुडघे थांबवतात, डोळे थांबवतात, जोडीदाराचं आजारपण थांबवतं, नाहीतर काम देणारे ओळखीचे साहेबच बदलून जातात.

आकड्यांत बघा. आज घरखर्च महिना ६०,००० धरू आणि महागाई ६ टक्के. ५८ व्या वर्षी तोच खर्च सुमारे ८५,००० होतो, ६५ व्या वर्षी १,२८,०००. समजा ५८ ला हाताशी दीड कोटी आहेत आणि त्यावर कर जाऊन ८ टक्के परतावा मिळतोय. त्याच दिवशी काम थांबलं तर ही पुंजी साधारण ७५ व्या वर्षापर्यंत पुरते. ६५ पर्यंत काम करून अर्धा खर्च त्यातून भागवला तर ८० पर्यंत. पूर्ण खर्च भागवून पुंजीला हातच लावला नाही तर ८५ पर्यंत. सात वर्षांच्या कामाने दहा वर्षं वाढतात, हे मोठंच आहे. पण ८५ नंतर काय, हा प्रश्न तिथेही उरतो, आणि तोही दीड कोटी आधीच जमले असतील तर. म्हणून हिशेब करताना ५८ नंतरचं काम फक्त ३ वर्षांचं धरा, तेही आजच्या पगाराच्या निम्म्याने. जास्त मिळालं तर ते पुंजीत टाका.

आता ज्यावरून माझे लोकांशी कायम वाद होतात तो मुद्दा: ईपीएसचं, म्हणजे पीएफबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेतून ५८ ला सुरू होणारं पेन्शन. 'तुम्ही कमावताय ना, मग पेन्शन ६० पर्यंत लांबवा, वर्षाला ४ टक्के वाढ मिळते' हा सल्ला सर्रास दिला जातो. वाढ मिळते हे खरं. पण वही घेऊन बसा. पेन्शन ठरतं ते शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पगाराची मर्यादा १५,००० धरली आणि सेवा ३५ वर्षं, तर महिना ७,५०० येतात. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण सप्टेंबर २०१४ च्या आधी मर्यादा ६,५०० होती आणि त्या काळातल्या सेवेचा हिशेब तिच्यावर होतो. तरी ७,५०० च धरू. अंशदान न भरता दोन वर्षं थांबलात तर पेन्शन साधारण ८,१०० होईल. म्हणजे महिना ६०० जास्त, आणि त्यासाठी सोडलेत २४ महिन्यांचे १,८०,०००. ते ६०० - ६०० ने भरून यायला ३०० महिने लागतात, म्हणजे वयाच्या ८५ व्या वर्षी तुम्ही बरोबरीत येणार! सोडलेल्या पैशांवरचं व्याज तर यात धरलेलंच नाही. पेन्शनची रक्कम कितीही असली तरी हे प्रमाण बदलत नाही. कामाच्या वर्षांत ३० टक्के कर आणि नंतर शून्य, अशी स्थिती असेल तर ही २५ वर्षं सतरावर येतात. तरीही माझं मत तेच: नोकरी चालू असली तरी ५८ पूर्ण होताच फॉर्म १० डी, म्हणजे पेन्शनचा अर्ज भरा, पेन्शन सुरू करा आणि ते खर्चात न मिसळता वेगळ्या खात्यात जाऊ द्या.

इथे एक चूक हमखास होते. ५८ नंतर कंपनीने कामावर ठेवलं तर मालकाचा पेन्शनचा हिस्सा बंद होऊन संपूर्ण वाटा पीएफमध्ये जायला हवा. पगार विभाग ते बदलायला विसरतो आणि मग पेन्शनचा दावा अडकतो. ५८ पूर्ण झाल्यावर पुढच्या महिन्यांच्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसतंय का, ते स्वतः बघा. आधारवरची जन्मतारीख आणि पीएफमधली जन्मतारीख आजच जुळवून घ्या, तेव्हा धावपळ नको.

सल्लागार झालात की मात्र सगळंच बदलतं. पगारातून आपोआप होणारी बचत त्या महिन्यापासून बंद. फीमधून कोणी पीएफ कापत नाही. म्हणून दर महिन्याला ठरावीक रक्कम पीपीएफ किंवा म्युच्युअल फंडात जाईल अशी स्थायी सूचना बँकेला देऊन ठेवा. पीपीएफची १५ वर्षं संपत आली असतील तर मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत मुदतवाढीचा अर्ज द्या. तो न देता पैसे भरत राहिलात तर त्या भरण्यावर व्याज मिळत नाही. जुना पीएफही तसाच पडू देऊ नका: नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो आणि निवृत्तीनंतर ३ वर्षांनी खातं निष्क्रिय होतं.

करातही फरक पडतो. ६० वर्षांवरच्या निवासी व्यक्तीला व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर अग्रिम कर भरावा लागत नाही. फी घ्यायला लागलात की ही सवलत गेली. प्राप्तिकराच्या अनुमानित योजनेत (उत्पन्न खर्चाच्या हिशेबाऐवजी ठरावीक टक्क्याने धरणाऱ्या) बसत असाल तर निम्मी फी उत्पन्न धरून सगळा अग्रिम कर १५ मार्चपर्यंत एकदाच भरता येतो.

आरोग्य विमा आत्ताच घ्या, ५८ ला नाही. कंपनीचा सामूहिक विमा नोकरीबरोबर संपतो आणि स्वतःच्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ५२ ला घेतलीत तर ही मुदत पगार चालू असतानाच संपते. सल्लागाराला आजारपणाची रजा नसते, म्हणून अपघाताने काम थांबल्यास आठवड्याला रक्कम देणारं संरक्षणही घ्या. शिवाय वर्षभराचा खर्च मुदत ठेवीत बाजूला ठेवा. फीची बिलं दोन-तीन महिने सहज रखडतात.

साठी जवळ आली की विमा एजंट एकरकमी पैशांतून ॲन्युइटी, म्हणजे आयुष्यभर ठरावीक पेन्शन देणारी योजना घ्यायचा आग्रह धरतील. कामाचे पैसे येत असताना ती घेऊ नका. वय वाढतं तसा ॲन्युइटीचा दर चढतो, आणि एकदा घेतली की बहुतेक योजनांत रक्कम कायमची ठरते, महागाईप्रमाणे वाढत नाही. एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) असेल तर ते ६० नंतरही चालू ठेवता येतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजना मला आवडते: ३० लाखांवर सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० येतात. पण ते व्याज हातात येतं आणि कमावत्या वर्षांत खर्चून जातं. म्हणून ती काम थांबण्याच्या वर्षासाठी राखून ठेवा.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. तुम्ही वाढीव पेन्शनचा, म्हणजे मर्यादेऐवजी प्रत्यक्ष पगारावर पेन्शनचा पर्याय घेतला असेल तर ७,५०० चा आकडा तुम्हाला लागू नाही. वरचा ८ टक्के परतावा हे गृहीतक आहे. सगळा पैसा मुदत ठेवीत असेल तर कर जाऊन तो ६ च्या खाली येऊ शकतो, तेव्हा ५८ नंतरही काही भाग इक्विटीत राहू द्या. घरकर्ज बाकी असेल तर ते आधी, नोकरीत असतानाच संपवा. व्याजदर आणि कराचे नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज करायच्या वर्षी ते पुन्हा तपासा.