बाथरूम आहे, पण कुलपात

प्रश्न : ताई, माझी मुलगी सातवीत आहे, गावातल्याच झेडपीच्या शाळेत. पाळी सुरू झाल्यापासून महिन्यातले तीन-चार दिवस घरीच बसते. शाळेत मुलींचं वेगळं बाथरूम आहे पण 'पोरं घाण करतात' म्हणून कुलूप लावलेलं, चावी सरांच्या कपाटात, पाणी पण नाही. सासूबाई म्हणतात आठवीनंतर कशाला पाठवायची. कुणाला सांगू?
– एक आई, बीड जिल्हा

उत्तर : ताई, आधी एक बघा, बाकीच्या दिवशी ती डब्यासोबत पाणी पिते का? कितीतरी मुली शाळेत बाथरूमला जायला नको म्हणून सकाळपासून घोटभर पाणी पीत नाहीत आणि मग लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, आणि घरचे समजतात अभ्यासाचा कंटाळा.

आता शाळेचं. मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं हवीत असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे, त्यामुळे सर काही उपकार करत नाहीयेत. 'पोरं घाण करतात म्हणून कुलूप' हे कारण तर मला अजिबात पटत नाही, घाण होते कारण पाणी नाही. कागदावर बाथरूम बांधून झालेलं असतं, मग पुढे कडी तुटली, टाकी फुटली तरी कोण बघतंय.

तुम्ही एकट्या सरांकडे जाऊ नका, चार आया मिळून जा. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका असायलाच हव्यात, तुमच्या गावात कोण आहेत ते विचारा (बऱ्याचदा त्या बाईलाच माहीत नसतं की आपण मेंबर आहोत, सही घेऊन गेलेले असतात!). मीटिंगमध्ये पाणी, आतून कडी, झाकणाची कचराकुंडी आणि चावी एखाद्या मॅडमकडे एवढंच मागा, पण ठराव लिहून घ्या, तोंडी नको. पैसे नाहीत म्हणाले तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं शाळा अनुदान दरवर्षी येतं, त्यातला काही भाग स्वच्छतेवरच खर्चायचा असतो, आणि ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा पाणी-स्वच्छतेचा बंधित (म्हणजे त्याच कामासाठी राखलेला) निधी असतो तो वेगळाच. तरीही हलले नाहीत तर ठरावाची कॉपी जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या आणि पोच घ्या.

सासूबाईंना आठवीनंतरच्या लांबच्या शाळेची काळजी असेल तर सांगा, गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, तो कसा मिळतो ते शाळेत विचारा. फक्त त्या वेळेला गाडी आहे का ते आत्ताच बघून ठेवा, नसेल तर आगारप्रमुखांना अर्ज जूनच्या आधी गेला पाहिजे.