चष्मा लावला की नंबर वाढतो का, ताई?

लालबागमधल्या एका चाळीत, मंडळाच्या हॉलमध्ये रविवारचं नेत्रतपासणी शिबिर होतं. अक्षरांच्या तक्त्यापासून सहा मीटरवर खडूची रेघ, आणि सगळ्यात शेवटी माझं टेबल. तक्त्यावर अडकलेल्यांना पुढचं समजावून सांगायचं, हे माझं काम.

आठ वर्षांची मुलगी आली. उजवा डोळा 6/6, म्हणजे ठीक; डावा 6/36, म्हणजे चांगल्या डोळ्याला छत्तीस मीटरवरून दिसणारं अक्षर याला सहा मीटरवरूनच दिसतं. आई ऐकेचना. "हिला सगळं दिसतं हो! आत्ताच चष्मा लावला तर नंबर वाढतच जाणार. आणि पुढे लग्नाचं..."

लग्नावर मी मुलीच्या देखत वाद घालत नाही. तिला म्हटलं, उजवा डोळा झाक बघू. बोटांनी नको, तळव्याने. (बोटांच्या फटीतून मुलं हमखास बघतात.) आता समोरची महाप्रसादाची सूचना वाच. मुलगी गप्प. मग म्हणाली, "आई, तिथे लिहिलंय कुठे काय?"

आईचा चेहरा उतरला. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा काम भागवून नेतो, म्हणून घरी कुणाच्या लक्षात येत नाही. धूसर चित्र पाठवणाऱ्या डोळ्याकडे मेंदू हळूहळू दुर्लक्ष करायला शिकतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. वय वाढेल तसे उपचार अवघड होत जातात, तेव्हा इथे चष्मा टाळणंच महागात पडतं. लांबचं न दिसणाऱ्या मुलांचा नंबर वाढतो तो वाढत्या वयात डोळ्याचा गोळा लांबत जातो म्हणून. चष्म्यावर उगाच आळ येतो.

शिबिर म्हणजे नुसती चाळणी. खरा नंबर डोळ्यात थेंब घालून काढतात. त्यासाठी केईएम रुग्णालयाची चिठ्ठी दिली आणि बजावलं, थेंबांनंतर जवळचं धूसर दिसतं, शाळेत परीक्षा असेल त्या दिवशी नेऊ नका.

फॉर्मवर सही करताना बाईंनी कागद हातभर लांब धरला. "काकू, तुमचीही चाळिशी आली की!" पहिल्यांदाच हसल्या.

मुलीला चष्मा लागला, शिवाय रोज दोन तास उजव्या डोळ्यावर पट्टी. खेळायला जाताना ती पट्टी काढून टाकायची, म्हणून टीव्हीची वेळ ठरवली. चार महिन्यांनी डावा 6/18 वर आला होता. पट्टी अजून चालूच आहे.

आईचा चष्मा मात्र पर्समध्येच असतो.