रात्री चार्जिंग आपोआप थांबतंय? आधी पॅडभोवतीचं लोखंड बघा

तुमची पोस्ट वाचली आणि चहा बाजूला ठेवून परत एकदा वाचली. इलेक्ट्रिक गाडी जमिनीवरच्या वायरलेस चार्जिंग पॅडवर नीट लावली, हिरवा दिवा लागला, तुम्ही झोपलात, सकाळी बघता तर ४१ टक्के. ॲपमध्ये नुसतं "चार्जिंग थांबवले". पॅडवर काही पडलेलं नाही, आणि हेल्पलाइनवाले म्हणतात सॉफ्टवेअर अपडेट येईपर्यंत थांबा. हे सगळं माझंच रडगाणं आहे हो, फक्त माझा आकडा ३८ होता.

पण माझं लक्ष गेलं ते तुमच्या एका वेगळ्याच वाक्याकडे, जे तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. "पॅडला चाक लागू नये म्हणून कडेने मेटलची पट्टी बसवून घेतली." तिथेच थांबा.

मी इलेक्ट्रिशियन नाही, इंजिनियर तर अजिबात नाही. एकच सेट वापरलाय, तोही नंतर बसवून घेतलेला ३.३ किलोवॅटचा, त्यामुळे तुमच्या पॅडला सगळं तसंच्या तसं लागू होईल असं छातीठोकपणे सांगणार नाही. वायरिंगला हात लावायचा असेल तर जाणकार माणूस बोलवा. कंपनीचं नाव मला विचारू नका, मी सांगणार नाही, मला पुन्हा त्यांच्याशी बोलायची वेळ आली तर?

पॅड कसा चालतो ते तुम्हाला माहीत असेलच, जमिनीवरच्या पॅडमधली कॉइल चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि गाडीखालची कॉइल त्यातून वीज घेते, तारेशिवाय. माझा घोळ सांगतो.

पॅड बसवला तेव्हा पहिले तीन महिने एकदम मस्त चाललं. मी भिंतीतल्या लाइनला आधीच एक वेगळा सब-मीटर लावून घेतला होता (आयुष्यात घेतलेला सगळ्यात शहाणा निर्णय, पुढे कळेल का ते). भिंतीतून १० युनिट गेले की गाडीत साधारण साडेआठ दिसायचे. रात्रीच्या आठ तासांत २२ युनिटच्या आसपास, रोजच्या जाण्यायेण्याला भरपूर. मग एकदा रिव्हर्स घेताना चाक पॅडच्या कडेवर चढलं आणि कोपऱ्याला बारीकशी चीर गेली. मी घाबरलो. ओळखीच्या वेल्डरकडून लोखंडी अँगलची चौकट करून घेतली, चारही बाजूंनी, पॅडला अगदी खेटून, वर पिवळा ऑइलपेंट. इतकी देखणी झाली होती की येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो.

त्यानंतर आठवडाभरात रात्रीचं चार्जिंग मध्येच तुटायला लागलं. आणि गंमत म्हणजे मी या दोन गोष्टींचा संबंध तीन महिने लावला नाही! चौकट ही माझ्या डोक्यात "सिव्हिल काम" होती, आणि चार्जिंग हे "इलेक्ट्रॉनिक काम".

आता पॅडच्या कंपनीच्या ऑफिसबद्दल. पहिल्या फोनला सांगितलं पॅड पुसून बघा. पुसला. दुसऱ्या फोनला सांगितलं गाडी सरळ लावा. लावली, टेपने मोजून लावली. तिसऱ्या वेळी फोटो मागितले, पाठवले. चौथ्या वेळी नवीन माणूस, त्याने परत फोटो मागितले. असे एकूण सात फोटो मी वेगवेगळ्या लोकांना पाठवले आणि सातही फोटोंमध्ये ती पिवळीधमक चौकट फोटोच्या मधोमध बसलेली आहे. एकानेही विचारलं नाही की अहो हे काय आहे? दर वेळी तक्रार "निकाली काढली" असा मेसेज यायचा, आणि रात्री गाडी परत अर्धवट.

पण सगळ्यात महागात पडलेलं वाक्य वेगळंच. सब-मीटरवर बघितलं तर आता १० युनिटला गाडीत पावणेआठच जात होते. मी हे आकडे लिहून पाठवले, तारखांसकट, दोन आठवड्यांचे. उत्तर आलं, "वायरलेसमध्ये एवढं जातंच सर." आणि मी ते मान्य केलं! म्हटलं असेल बुवा, तारेशिवाय चाललंय तर थोडं सांडणारच. इथे माझी चूक त्यांच्याइतकीच. साडेआठवरून पावणेआठ झालंय म्हणजे काहीतरी बदललंय, आणि काय बदललंय हे फक्त मलाच माहीत असणार होतं, त्यांना नाही. ते वाक्य कुणी तुम्हाला ऐकवलं तर तिथल्या तिथे विचारा की गेल्या महिन्यात का जात नव्हतं?

शेवटी सापडलं कसं, तर पावसामुळे. गाडी भिजून आली, खाली सगळी फरशी ओली, चार्जिंग लावून मी वर गेलो. तासा-दीड तासाने काहीतरी आणायला खाली उतरलो तर फरशी तशीच ओली, पण चौकटीच्या कडेकडेने चारी बाजूंनी वीतभर रुंदीचा कोरडा पट्टा. कुणीतरी पुसून काढल्यासारखा. चार्जिंग बंद केलं, चौकटीला बोट लावलं. चांगलीच गरम.

इंडक्शनची शेगडी आठवा. तिथे खालच्या कॉइलमुळे लोखंडी भांड्याच्या बुडात भोवरा प्रवाह (धातूतच गोल गोल फिरणारी वीज) तयार होतात आणि भांडं तापतं. गाडीचा पॅड साधारण ८५ किलोहर्ट्झवर चालतो, तत्त्व तेच, फक्त इथे तापायला नको असतं. पॅडच्या खालच्या अंगाला फेराइट (चुंबकीय क्षेत्र वळवणारा पदार्थ) आणि ॲल्युमिनियमचा पत्रा असतो, त्यामुळे जमिनीकडे फारसं क्षेत्र जात नाही, पण बाजूने ते बाहेर पडतंच, आणि मी नेमकं तिथेच शेगडीवर भांडं ठेवल्यासारखं लोखंड नेऊन ठेवलं होतं. वर आणखी एक भानगड, एवढं लोखंड जवळ आलं की कॉइलचं ट्यूनिंगच हलतं. दोन्ही कॉइल एका ठराविक फ्रिक्वेन्सीला जुळवलेल्या असतात, ती जुळणी बिघडली की तेवढीच पॉवर द्यायला जास्त करंट लागतो, मग पॅड स्वतःही तापतो.

नंतर एकदाचा एक तंत्रज्ञ लॅपटॉप घेऊन आला (चौकट काढल्यावर बरं का, नेहमीप्रमाणे वरात गेल्यावर), त्याने पॅडची नोंद काढून दाखवली. प्रत्येक वेळी सुरू झाल्यापासून दोन-अडीच तासांनी तापमान वाढून बंद. ही नोंद त्यांना पहिल्या दिवसापासून बघता आली असती.

यावरून एक ढोबळ खूण सांगतो, माझ्या अनुभवापुरती. चार्जिंग सुरू होऊन पाच-दहा मिनिटांत थांबत असेल तर बहुतेक गाडी नीट जागेवर नाही किंवा वस्तू ओळखणाऱ्या सेन्सरला काहीतरी दिसतंय. नाणं, स्क्रू, सिगरेटच्या पाकिटातला चांदीचा कागद, असलं काहीही (तो कागद तर पेटूसुद्धा शकतो, हसण्यावारी नेऊ नका). आणि दीड-दोन तास नीट चालून मग थांबत असेल तर उष्णता. तुमच्या पोस्टमध्ये ११ ला लावली आणि एक-सव्वाला थांबली असं आहे. हिशोब तुम्हीच करा.

पट्टी काढा. ॲल्युमिनियमची आहे म्हणून चालेल असं कुणी सांगेल. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा कमी तापतं हे खरं, पण भोवरा प्रवाह त्यातही होतात आणि ट्यूनिंग तेही हलवतं. मी ग्राइंडरने चौकट कापून काढली आणि जाड रबरी पट्ट्या चिकटवल्या. चिकटवल्या म्हणतोय, बोल्ट मारले नाहीत. चार बोल्टने काय होतंय म्हणाल, पण एकदा पोळल्यावर मी तरी मारणार नाही. किती अंतरापर्यंत धातू नको ते तुमच्या पॅडच्या पुस्तिकेत असतं, माझ्या पुस्तिकेतही होतं, एका छोट्याशा चित्रात. मी ते चित्र बघितलंही होतं आणि मला वाटलं होतं की ते किल्ल्या वगैरे पडू नयेत म्हणून आहे.

आणि हो, खरं तर पट्टीपेक्षा मागच्या चाकाला रबरी ठोकळा लावा. चाक तिथे टेकलं की गाडी जागेवर. एसएई जे२९५४ हे जे वायरलेस चार्जिंगचं स्टँडर्ड आहे (२०२० ला पक्कं झालं) त्यात पुढे-मागे ७५ मिलिमीटर आणि बाजूला १०० मिलिमीटर एवढी सूट धरलीये, म्हणजे मागे-पुढे वीतभरसुद्धा नाही. ठोकळा असला की पॅडवर चाक चढायचा प्रश्नच मिटतो. मोठ्या साइजचे टायर टाकलेत किंवा डिकीत कायम पोतंभर सामान घेऊन फिरता, तरी गाडीची उंची बदलते आणि पॅडशी अंतर बदलतं, हेही डोक्यात ठेवा.

तुम्ही शेवटी विचारलंय की हे तंत्रज्ञानच कच्चं आहे का. माझं मत, आणि मतच आहे हे, कच्चं नाही, पण आपण पहिल्या पंगतीला बसलोय. १९९६ साली जनरल मोटर्सच्या ईव्ही१ या इलेक्ट्रिक गाडीला सुद्धा इंडक्शननेच चार्जिंग होतं, फक्त हाताने पॅडल खाचेत घालावं लागायचं. २०१८ ला बीएमडब्ल्यूने ५३०ई साठी ३.२ किलोवॅटचा जमिनीवरचा पॅड आणला. २०२५ मध्ये पोर्शने इलेक्ट्रिक कायेनसाठी ११ किलोवॅटचा दाखवला, आणि ते ९० टक्क्यांपर्यंत कार्यक्षमता सांगतात. म्हणजे "एवढं जातंच" म्हणणाऱ्यांनी जरा आजूबाजूला बघावं.

आणि ते रस्त्यातच, चालत्या गाडीला चार्जिंग येतंय म्हणून थांबू का, तर नका थांबू. डेट्रॉइटला २०२३ मध्ये सुरू केलेला रस्ता पाव मैलाचा आहे, स्वीडनमध्ये गॉटलंडला केलेला १.६ किलोमीटरचा होता. प्रयोग म्हणून भारी, पण आपली गाडी तोपर्यंत म्हातारी होईल.

"ग्रीन म्हणून गाडी घेतली आणि दहा टक्के हवेत घालवतोय, अपराधी वाटतं" असंही लिहिलंय तुम्ही. अहो, केबलने केलं तरी शंभराला शंभर जात नाहीत. गाडीतला चार्जर तापतोच, घरातल्या एसी विजेचं बॅटरीसाठी डीसी करताना तिथे जातं. वायरलेसमध्ये ते काम बरंचसं भिंतीवरच्या डब्यात आणि पॅडमध्ये होतं, त्यामुळे खरा फरक काही टक्क्यांचा उरतो, पॅड नीट असेल तर. तेवढं भरून काढायचंय? हायवेला १२० ऐवजी १०० ने चालवा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, तो तिथे जवळपास ३० टक्के कमी होतो. टायरमधली हवा महिन्यातून एकदा बघा. टपावरचा कॅरियर गरज नसेल तेव्हा काढून ठेवा, माझा वर्षभर रिकामा फिरत होता आणि मी इकडे पॅडचे टक्के मोजत होतो, काय बोलायचं. गाडी गार किंवा गरम करायची असेल तर चार्जिंगवर असतानाच करून घ्या, बॅटरीतून नको. आणि पॅड आहे म्हणून रोज १०० टक्के भरत बसू नका, निकेलवाली बॅटरी असेल तर ८० ला थांबवा. वायरलेसचा हाच एक तोटा मला खरा वाटतो, काही करावं लागत नाही म्हणून माणूस मर्यादा लावायची विसरतो.

केबल टाकून दिली नसेल अशी आशा आहे. माझ्या त्या तीन महिन्यांत तीच कामाला आली. ज्यांच्याकडे अजून काहीच नाही आणि जे हे वाचून पॅड घ्यायचा विचार करतायत त्यांना सांगतो, हाताला-कंबरेला त्रास नसेल तर साधा प्लग रोज लावायला दहा सेकंद लागतात. मी पॅड घेतला तो बायकोच्या खांद्याच्या दुखण्यामुळे, जड केबल ओढणं तिला जमत नव्हतं, आणि त्या कारणासाठी मी आजही परत घेईन. घरात कुणाला पेसमेकर असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, इथल्या कुणाचंही, माझंही, ऐकू नका.

तर आज रात्री एवढंच करा. चार्जिंग चालू असताना गाडीखाली हात घालायचा नाही. एक तास होऊ द्या, बंद करा, मग पट्टीला हात लावून बघा. सब-मीटर नसेल तर भिंतीवरच्या डब्याच्या ॲपमध्ये युनिट दिसतात का बघा, गाडीतले आकडे बाजूला लिहा, दोन्ही इथे टाका. आणि पॅडचा फोटो टाकाल तो जरा लांबून काढा, चारही कडा दिसल्या पाहिजेत.