ग्रामीण भागात गर्भवतींची तपासणी आणि बालकांचे लसीकरण खरोखर वाढले आहे, की केवळ कागदोपत्री?

वाढ खरी आहे. मात्र या दोन गोष्टी सारख्या वेगाने वाढलेल्या नाहीत. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून काम केले असल्याने त्याचे कारणही सांगते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण उपकेंद्राच्या नोंदवहीवर विसंबत नाही. पाहणी करणारे घरी जाऊन आईला विचारतात आणि बाळाचे कार्ड पाहतात, त्यामुळे आपली शंका त्याला फारशी लागू पडत नाही. त्यानुसार 2015-16 मध्ये ग्रामीण भारतातील 12 ते 23 महिन्यांच्या सुमारे 61 टक्के बालकांचे मूलभूत लसीकरण पूर्ण होते. 2019-21 मध्ये हे प्रमाण 77 टक्क्यांच्या आसपास गेले आणि शहरांच्याही किंचित पुढे निघाले. गरोदरपणात किमान चार तपासण्या झालेल्या स्त्रिया मात्र शहरांत 68 टक्के, तर खेड्यांत 54 टक्केच होत्या.

लस गावात येते. ठरलेल्या दिवशी ती बर्फाच्या डब्यातून अंगणवाडीत पोहोचते, आशाताई यादी घेऊन घरोघरी निरोप देतात, आणि चुकलेले मूल पुढच्या सत्रात सापडते. सुटलेल्या बालकांसाठी 2014 च्या अखेरीस मिशन इंद्रधनुष्यही सुरू झाले. गर्भवतीची तपासणी अशी एका टोच्यात उरकत नाही. पहिल्या तीन महिन्यांत नोंदणी व्हावी लागते, आणि नेमके तेव्हाच ‘इतक्यात कुणाला सांगू नको’ असे घरातून बजावलेले असते. पुढे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली बाई चौथ्या-पाचव्या महिन्यात वाळव्याकडच्या फडात असते, सातव्यात माहेरी जाते, आणि तिचे माता-बाल संरक्षण कार्ड सासरच्या ट्रंकेत राहते. (कार्ड बरोबर न्या, हे कितीही वेळा सांगितले तरी कमीच.)

माझ्या मते तपासण्यांच्या संख्येपेक्षा लोहाच्या गोळ्यांचा आकडा अधिक बोलका आहे. 2019-21 च्या पाहणीत 180 दिवस गोळ्या घेतलेल्या माता देशभरात 26 टक्के होत्या, आणि निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय होता. गोळ्या वाटल्या जातात. पण मळमळते, शौचास काळे होते, म्हणून त्या आठवडाभरात फळीवर जातात. शौचास काळे होणे धोक्याचे नाही, गोळी चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी, हे प्रत्येकीला बसवून समजावण्यास वेळ लागतो, आणि सत्राच्या दिवशी त्याच सेविकेसमोर लसीसाठी आलेल्या बाळांची रांगही असते.